कौटिलीय अर्थशास्त्रातील गूढपुरुष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कौटिलीय अर्थशास्त्रात एका राज्याची संपूर्ण रचना मांडलेली आहे आणि त्या रचनेच्या जवळजवळ प्रत्येक विभागात गुप्तहेर वावरताना दिसतात. ग्रंथ त्यांना गूढपुरुष म्हणतो. चाणक्याच्या हेरांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्यातील बरेचसे नंतरच्या नाटकांतून, कथांतून आणि अलीकडे समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बनावट सुभाषितांतून आलेले असते. मूळ ग्रंथातील गुप्तहेर व्यवस्था त्याहून अधिक शिस्तबद्ध आहे आणि वाचताना ती अधिक अस्वस्थही करते. तिच्याविषयी वाचकांना सामान्यतः पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हे गुप्तहेर खाते मौर्य साम्राज्याचे होते का?

अर्थशास्त्र ज्या राज्याविषयी बोलते ते राज्य शास्त्रकाराच्या कल्पनेतील आहे, ही गोष्ट सर्वप्रथम लक्षात घ्यावी लागते. ग्रंथात चंद्रगुप्ताचे नाव नाही, मौर्य कुळाचे नाव नाही आणि पाटलिपुत्राचाही उल्लेख नाही. शेवटच्या भागातील एका श्लोकात नंदांच्या हाती गेलेली भूमी ज्याने सोडवली त्यानेच हे शास्त्र रचले, असे म्हटले आहे आणि परंपरेने त्यावरूनच ग्रंथकार कौटिल्य म्हणजे चंद्रगुप्ताचा मंत्री चाणक्य असे मानले. ग्रंथाचे सध्याचे रूप मात्र मौर्यांनंतर, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत घडत गेले असावे, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

ग्रंथातील राजाला नाव नाही. तो केवळ ‘विजिगीषू’ आहे, म्हणजे जिंकण्याची इच्छा धरणारा. त्याच्याभोवती अरी (शत्रू), मित्र, मध्यम (दोघांमधला) आणि उदासीन (तटस्थ) अशा राजांचे मंडल आहे. हिमालयापासून समुद्रापर्यंत पसरलेले, हजार योजनांचे चक्रवर्तिक्षेत्र हे त्याचे ध्येय आहे आणि ते अजून हाती आलेले नाही. त्यामुळे ‘मौर्यकाळी अमुक इतके हेर होते’ किंवा ‘मौर्यांच्या हेरांना अमुक पगार मिळे’ अशी वाक्ये अर्थशास्त्राच्या आधारे लिहिणे योग्य नाही. राज्य कसे असावे याचा तो आराखडा आहे, एखाद्या राज्याचे दप्तर नव्हे.

मग प्रत्यक्ष मौर्यांकडे हेर नव्हते का?

निश्चितच होते, आणि त्याचे स्वतंत्र पुरावे आहेत. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसचा ग्रंथ नष्ट झाला असला, तरी नंतरच्या ग्रीक लेखकांनी त्यातील मजकूर उद्धृत केला आहे. त्यात भारतीय समाजाच्या सात वर्गांपैकी एक वर्ग देखरेख करणाऱ्यांचा, म्हणजे राज्यात काय चालले आहे ते राजाला कळवणाऱ्यांचा, असल्याचे सांगितले आहे. अशोकाच्या गिरनार येथील सहाव्या शिलालेखात ‘पटिवेदक’, म्हणजे राजाला वार्ता कळवणारे, येतात. मी जेवत असलो, अंतःपुरात असलो किंवा उद्यानात असलो, तरी लोकांचे काम माझ्यापर्यंत पोहोचवावे, असे त्यांना सांगितलेले आहे. त्या लेखातील सूर अर्थशास्त्राहून वेगळा आहे. अशोकाला लोकांच्या अडचणी ऐकायच्या आहेत, तर अर्थशास्त्रातील राजाला लोकांच्या मनात काय आहे ते त्यांच्या नकळत जाणून घ्यायचे आहे. दोहोंत अंतर आहे आणि ते पुसून टाकू नये.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला?

शतकानुशतके तो केवळ अवतरणांतून आणि नावाने माहीत होता. तंजावर भागातील एका पंडितांनी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिलेल्या हस्तलिखितात तो सापडला. तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ पासून त्याची ओळख करून दिली, १९०९ साली मूळ संहिता छापली आणि १९१५ साली इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे उपलब्ध हस्तलिखिते ताडून पाहून र. पं. कंगले यांनी चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले आणि मुंबई विद्यापीठाने ते १९६० ते १९६५ या काळात प्रकाशित केले. आजही जगभरातील अभ्यासक मूळ संहितेसाठी याच आवृत्तीकडे वळतात, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा.

गूढपुरुषांचे प्रकार कोणते?

दोन मोठे विभाग आहेत. एका जागी बसून काम करणाऱ्यांना ‘संस्था’ आणि फिरत्यांना ‘संचार’ म्हटले आहे.

संस्था पाच आहेत. कापटिक हा दुसऱ्यांची मर्मे ओळखणारा, धीट विद्यार्थी. उदास्थित हा संन्यास सोडून परत आलेला, परंतु बुद्धी आणि सचोटी शाबूत असलेला मनुष्य. गृहपतिक म्हणजे उपजीविका गमावलेला शेतकरी, वैदेहक म्हणजे धंदा बुडालेला व्यापारी आणि तापस म्हणजे उपजीविकेच्या शोधात असलेला मुंडित किंवा जटाधारी साधू. यांना राज्याकडून जमीन, भांडवल आणि माणसे मिळतात. उदास्थिताने मिळालेल्या जागेवर शेती, पशुपालन आणि व्यापार चालवायचा, त्या उत्पन्नातून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व संन्याशांना अन्न, वस्त्र आणि निवारा द्यायचा आणि त्यांच्यापैकी ज्यांना पोटाची चिंता आहे त्यांना हेरगिरीत ओढायचे, अशी योजना आहे. एक संस्था अशा रीतीने पुढच्या हेरांची भरती करते आणि बराचसा खर्चही स्वतःच भागवते.

संचारांत सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी येतात. सत्री हे आप्त नसलेले आणि म्हणून राज्यानेच पोसलेले लोक असून त्यांना अंगलक्षणे, शकुन, जादूचे प्रयोग आणि लोकांत मिसळण्याची विद्या शिकवली जाते. पैशासाठी हत्तीशी किंवा हिंस्र श्वापदाशी झुंजण्यास तयार असणारे, जिवाची पर्वा न करणारे शूर लोक म्हणजे तीक्ष्ण. आप्तांविषयी माया नसलेले, क्रूर आणि आळशी लोक रसद, म्हणजे विष घालणारे, म्हणून निवडावेत असे ग्रंथ सांगतो. भिक्षुकी किंवा परिव्राजिका ही गरीब, विधवा, धीट ब्राह्मण स्त्री असते. अंतःपुरात तिला मान असतो आणि त्या बळावर ती महामात्रांच्या, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांच्या, घरी ये-जा करते.

ही यादी सावकाश वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बुडालेला शेतकरी, दिवाळे निघालेला व्यापारी, निराश्रित पोर, गरीब विधवा, परतून आलेला संन्यासी अशी ही सारी माणसे आहेत. समाजाच्या चौकटीतून निखळलेल्या माणसांना हे राज्य हुडकून काढते आणि त्यांच्या गरजेचेच साधन बनवते. मोठ्या उद्दिष्टांच्या चर्चेत हा भाग सहसा कोणी उच्चारत नाही, पण माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेचा पाया हाच आहे.

तापसाचे काम नेमके कसे चाले?

या प्रकरणातील हा सर्वांत तपशीलवार भाग आहे. तापसाने नगराजवळ पुष्कळ शिष्यांसह राहायचे. लोकांसमोर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भाजी किंवा मूठभर सातू खायचे आणि गुप्तपणे मात्र हवे ते जेवायचे. वैदेहकाच्या, म्हणजे व्यापारी हेराच्या, माणसांनी त्याची सिद्धपुरुष म्हणून पूजा करायची आणि त्याच्या स्वतःच्या शिष्यांनी तो अलौकिक शक्तीचा आहे अशी वार्ता पसरवायची. भविष्य विचारण्यास येणाऱ्यांच्या घरच्या गोष्टी शिष्यांनी आधीच काढून आणलेल्या असतात. शिवाय तो किरकोळ लाभ, आग, चोराचे भय, एखाद्या देशद्रोह्याचा वध किंवा परदेशातील घडामोड यांविषयी ‘हे आज किंवा उद्या घडेल’ असे सांगतो आणि दुसरे हेर ते घडवून आणतात.

या खटाटोपाचा उपयोग माणसे चाळून काढण्यासाठी होतो. भविष्य विचारण्यास आलेल्यांपैकी जे बुद्धिमान, वक्ते आणि कर्तबगार वाटतील त्यांना तो राजाकडून भाग्योदय होईल असे सांगतो, आणि मग मंत्री त्यांना खरोखरच काम देतो. सकारण रागावलेल्यांना धन आणि मान देऊन शांत करायचे. जे विनाकारण रागावले आहेत किंवा राजाच्या वाईटावर आहेत, त्यांच्यासाठी ‘तूष्णींदंड’ म्हणजे गाजावाजा न करता दिलेली शिक्षा. श्रद्धेने पाय धरणाऱ्या माणसाला आपण सरकारी नोंदवहीत उतरलो आहोत याची कल्पनाही नसते. ग्रंथाला याचा संकोच वाटत नाही, आजच्या वाचकाला तो वाटल्याशिवाय राहू नये.

पाळत प्रामुख्याने कोणावर असे?

शत्रूच्या आधी स्वतःच्या दरबारावर. मंत्री, पुरोहित, सेनापती आणि युवराज यांपासून दौवारिक (द्वाररक्षक), समाहर्ता (महसूल गोळा करणारा), संनिधाता (कोठार सांभाळणारा), दुर्गपाल, अंतपाल (सीमारक्षक) आणि आटविक (वनप्रमुख) यांच्यापर्यंत अठरा पदे ‘तीर्थ’ म्हणून सांगितली आहेत आणि त्या प्रत्येकावर हेर नेमायचा आहे. छत्र, पंखा, पादत्राणे, आसन, वाहन सांभाळणारे सेवक म्हणून तीक्ष्ण त्यांच्या बाहेरच्या हालचाली पाहतात. स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग रगडणारे, अंथरूण घालणारे, न्हावी, पाणी देणारे म्हणून रसद घरात शिरतात. त्यांच्या बरोबरीने कुबडे, बुटके, मुके, बहिरे, आंधळे यांची सोंगे घेतलेले लोक, तसेच नट, नर्तक, गायक आणि वादक घरातील गोष्टी टिपतात. ज्याच्यासमोर बोलताना कोणी आवाज खाली आणत नाही अशा माणसाला हेर करायचे, हे यामागचे सूत्र आहे.

युवराजाचे नाव या यादीत आहे, हेही पाहण्यासारखे आहे. राजपुत्रांपासून राजाने स्वतःला कसे जपावे यावर ग्रंथात वेगळे प्रकरणच आहे.

बातमी वरपर्यंत कशी पोहोचे?

तीक्ष्णांनी बाहेर पाहिलेले सत्री संस्थांकडे नेतात, रसदांनी आत पाहिलेले भिक्षुकी नेते. संस्थांचे शिष्य सांकेतिक लिपीत किंवा खुणांनी ते पुढे पाठवतात. भिक्षुकीला दारातच अडवले, तर द्वारपालांच्या साखळीतून, आईबापांचे सोंग घेतलेल्यांकडून किंवा कारागीर स्त्रिया आणि दासींकडून काम साधायचे. गाणे, पाठांतर, वाद्य, भांड्यात दडवलेला लेख, संज्ञा अशा अनेक वाटा दिल्या आहेत. आजाराचे किंवा वेडाचे निमित्त करून अथवा आग लावून उडालेल्या गोंधळात हेराने स्वतःच बाहेर पडावे, असाही मार्ग आहे. दूर देशीची वार्ता मुद्रा लावलेल्या पाळीव कबुतराकडून त्याच दिवशी मिळवण्याचा उल्लेख तेराव्या अधिकरणात, म्हणजे ग्रंथाच्या तेराव्या मोठ्या विभागात, येतो.

राजाच्या दिनक्रमातही हेरांच्या वेळा ठरलेल्या आहेत. दिवसाचे आणि रात्रीचे प्रत्येकी आठ भाग केलेले आहेत. दिवसाच्या पाचव्या भागात मंत्रिपरिषदेशी पत्रव्यवहार आणि हेरांनी आणलेली गुप्त माहिती, रात्रीच्या पहिल्या भागात गूढपुरुषांची भेट आणि पहाटेपूर्वी, सातव्या भागात, मसलत करून हेरांना रवाना करणे. झोपेला रात्रीचे जेमतेम दोन भाग उरतात.

आणलेली बातमी खरी आहे हे कसे ठरवत?

गुप्तहेरांविषयी लिहिताना वेशांतराचे कौतुक होते आणि हा भाग मागे राहतो. खरे पाहता अर्थशास्त्रातील व्यवस्थेचे सामर्थ्य येथेच आहे. ‘त्रयाणामेकवाक्ये संप्रत्ययः’ असे एक छोटे सूत्र आहे. तिघांचे सांगणे जुळले तर विश्वास ठेवावा. यासाठी आवश्यक असलेली दुसरी अटही ग्रंथकाराने घातली आहे. संस्थांना एकमेकींची माहिती असू नये आणि फिरत्या हेरांनाही परस्परांची ओळख असू नये. ही अट नसती तर तिघांचे एकमत निरर्थक ठरले असते, कारण तिघेही एकत्र बसून एकच कहाणी रचू शकले असते. दोन्ही नियम एकत्र वाचले म्हणजे शास्त्रकाराला माहितीच्या स्वरूपाची किती खोल जाण होती ते कळते.

हेराच्या बातम्या वारंवार चुकत असतील तर त्याला गुपचूप शिक्षा करावी किंवा कामावरून दूर करावे, असे पुढे लगेच सांगितले आहे. म्हणजे पहिली शंका राजाने स्वतःच्या बातमीदारावरच घ्यायची. चुगलखोर माणूस राजाच्या कानाशी लागला आणि राज्य बुडाले अशा गोष्टी आपल्याकडे उदंड आहेत. त्या कानालाच शिस्त लावण्याचा इतका स्पष्ट प्रयत्न प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळतो. मेगॅस्थेनिसच्या आधारे लिहिणारा एरियन म्हणतो की, देखरेख करणाऱ्यांनी खोटे कळवणे निषिद्ध होते आणि कोणा भारतीयावर तसा आरोपही झाला नव्हता. अर्थशास्त्राचा कर्ता इतक्या भोळेपणाने माणसाकडे पाहत नाही.

तरीही एक उणीव राहतेच. तिघांचे जुळलेले सांगणे ज्याच्यापुढे येते त्या राजाने ते दडपले, किंवा सोयीचे तेवढेच ऐकले, तर त्याला विचारणारा कोणी नाही. आरोपीला आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले हे कधीच कळत नाही. पडताळणीची ही शिस्त राजाची फसवणूक टाळण्यासाठी आहे, प्रजेवरचा अन्याय टाळण्यासाठी नाही.

अमात्यांची गुप्त परीक्षा म्हणजे काय?

पहिल्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायात चार ‘उपधा’ सांगितल्या आहेत. धर्मोपधेत राजा पुरोहिताला अनुचित याजन-अध्यापनाचे काम सांगतो, पुरोहित नकार देतो आणि राजा त्याला दूर केल्याचे नाटक करतो. मग पुरोहित सत्रींकरवी एकेका अमात्याला शपथ घालून विचारतो की, हा राजा अधार्मिक आहे, दुसरा बसवू या, सर्वांना हे मान्य आहे, तुमचे काय मत आहे? अर्थोपधेत पदच्युत झाल्याचे दाखवणारा सेनापती धनाचे आमिष दाखवतो. कामोपधेत विश्वासातील परिव्राजिका सांगते की, पट्टराणीचे तुमच्यावर मन आहे आणि भेटीची सोय केलेली आहे. भयोपधेत एक अमात्य सर्वांना विहारासाठी बोलावतो, राजा घाबरून सर्वांना कैद करतो आणि तेथे आधीपासून बंदी म्हणून ठेवलेला कापटिक विद्यार्थी त्यांना राजाला मारण्याची चिथावणी देतो.

यानंतरची वाटणी मोठी विचारपूर्वक केली आहे. धर्माच्या परीक्षेत टिकलेल्यांना न्यायदान आणि कंटकशोधन (गुन्हेगारांचा बंदोबस्त), धनाच्या परीक्षेत टिकलेल्यांना महसूल आणि कोठार, कामाच्या परीक्षेत टिकलेल्यांना विहारस्थानांचे रक्षण आणि भयाच्या परीक्षेत टिकलेल्यांना राजाच्या निकटची कामे. चारही परीक्षांत शुद्ध ठरलेल्यास मंत्री करावे. कोठेच न टिकलेल्यांना खाणी, वने, हत्तींची अरण्ये आणि कारखाने येथे पाठवावे. एखादा माणूस एका मोहापुढे झुकतो म्हणून तो सर्वच कामांना नालायक ठरत नाही, ही समज यात आहे.

हे सर्व पूर्वीच्या आचार्यांचे मत म्हणून मांडून झाल्यावर कौटिल्य स्वतः एक इशारा देतो. राजाने परीक्षेसाठी स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये. निर्मळ पाण्यात विष कालवावे तसे निष्कलंक मन नासवू नये, कारण एकदा बिघडलेले मन पुन्हा ताळ्यावर येईलच असे नाही. म्हणून लक्ष्य बाहेरचे ठेवावे. संपूर्ण गूढपुरुष प्रकरणात मला हा परिच्छेद सर्वांत मोलाचा वाटतो. परीक्षा घेणाराच गुन्ह्याची कल्पना पेरू शकतो, हा धोका शास्त्रकाराने ओळखला होता.

सामान्य लोकांवरही पाळत होती का?

होती, आणि ती फार बारीक होती. तीर्थक्षेत्रांत, सभांत आणि गर्दीत दोन सत्रींनी लोकांसमोर वाद घालायचा. एकाने म्हणायचे की, राजा सर्वगुणसंपन्न आहे असे ऐकतो, पण दंड आणि कर यांनी तो लोकांना पिळतो. दुसऱ्याने उत्तर द्यायचे की, मोठा मासा लहान माशाला गिळतो अशी अवस्था झाली तेव्हा लोकांनीच वैवस्वत मनूला राजा केले, धान्याचा सहावा आणि विक्रीच्या मालाचा दहावा भाग त्याला दिला आणि म्हणून राजा लोकांचे रक्षण करतो. ऐकणारे कोणाच्या बाजूने मान डोलवतात हे यातून कळते आणि त्याच वेळी राजाच्या बाजूचा युक्तिवादही पसरतो. लोकमत जाणून घेणे आणि घडवणे ही दोन्ही कामे येथे एकाच प्रयोगात होतात.

नगरात धर्मशाळेच्या चालकाने पांथस्थाला ठेवून घेण्याआधी वर्दी द्यायची. गुत्तेवाले, शिजवलेले अन्न विकणारे आणि गणिका यांनी उधळपट्टी करणाऱ्यांची खबर द्यायची. लपवलेल्या जखमेवर उपचार करून घेणाऱ्याची माहिती वैद्याने गोप किंवा स्थानिक या अधिकाऱ्यांना द्यायची.

मात्र या पाळतीचा रोख भ्रष्ट अधिकाऱ्यांवरही आहे. चौथ्या अधिकरणात सत्री न्यायाधीशाकडे जाऊन, हा माझा नातलग आरोपी आहे, हे धन घ्या आणि त्याला सोडवा, असे म्हणतो. न्यायाधीशाने मान्य केले तर त्याला लाचखोर म्हणून हद्दपार करावे. ग्रामाधिकाऱ्यांच्या बाबतीतही असेच सापळे सांगितले आहेत.

परराज्यात हेर काय करत?

तेथे चार प्रकारची माणसे शोधायची, क्रुद्ध, भीत, लुब्ध आणि मानी. देऊ केलेले मिळाले नाही किंवा बरोबरीच्यांत अपमान झाला तो क्रुद्ध. प्रत्येकासाठी वेगळी भाषा आहे. रागावलेल्यास सांगायचे की, मदांध हत्तीवर मद्यपी माहूत बसला की वाटेत येईल ते चिरडले जाते, तसा तुमचा राजा आहे. घाबरलेल्यास सांगायचे की, लपलेला साप ज्याच्यापासून भीती वाटते त्याच्यावर विष सोडतो, तसा तो तुमच्यावर सोडील.

‘उभयवेतन’ म्हणजे दोन्हीकडून वेतन घेणारा हेर. आपल्या राजाने पाठवलेला मनुष्य शत्रूकडे नोकरीस राहतो. त्याची बायकामुले मात्र राजाने ताब्यात ठेवायची असतात. उलट दिशेने आलेल्यांना ओळखण्यासाठी त्याच प्रकारचे हेर वापरायचे. राजदूतानेही उघडपणे संदेश देताना गुपचूप पाहणी करायची असते. त्याने मद्य आणि स्त्रिया यांपासून दूर राहावे आणि एकटेच झोपावे, कारण झोपेत आणि नशेत मनातले बाहेर पडते.

स्वतःच्या मसलतीबाबतही हीच दक्षता आहे. पक्ष्यांनाही दिसणार नाही अशी जागा निवडावी, कारण पोपट, मैना आणि कुत्रे यांच्यामुळे मसलत फुटल्याचे ऐकिवात आहे, असे ग्रंथ सांगतो.

हेरांना वेतन किती होते?

वेतन ‘पण’ या नाण्यात सांगितले आहे. पाच संस्थांतील हेरांना १,००० पण, सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी यांना ५०० पण आणि निरोप्यांसारखी फिरती कामे करणाऱ्यांना २५० पण, किंवा श्रमानुसार अधिक. तुलनेसाठी, मंत्री, पुरोहित, सेनापती आणि युवराज यांना ४८,००० पण, तर सर्वांत खालच्या चाकरांना ६० पण सांगितले आहेत. कामावर असताना मृत्यू आलेल्यांच्या बायकामुलांना निर्वाह आणि वेतन मिळावे, असा सर्व सेवकांसाठीचा नियम त्याच अध्यायात आहे.

विषकन्यांचे काय?

लहानपणापासून विष पाजून वाढवलेली सुंदरी अर्थशास्त्रात नाही. ती नंतरच्या कथासाहित्यातील आहे. अंतःपुरातील घातांची उदाहरणे मात्र ग्रंथात आहेत. काशीच्या राजाला राणीने मध म्हणून विष कालवलेल्या लाह्या दिल्या, वैरंत्याला विषारी पैंजणाने मारले, विदूरथाला राणीने वेणीत दडवलेल्या शस्त्राने मारले, अशी ती यादी आहे.

गुप्तपणे ठार मारण्यास मर्यादा होत्या का?

काही होत्या. पाचव्या अधिकरणात ज्यांना उघडपणे दंड करता येत नाही अशा बलाढ्य द्रोह्यांसाठी, ‘दूष्यां’साठी, उपांशुदंड, म्हणजे गुप्तपणे दिलेली शिक्षा, सांगितला आहे. नाराज माणसासाठीही आधी साम आणि दान आहे. तेवढ्याने भागले नाही तर त्याला दंड आणि करवसुलीचे काम द्यावे, म्हणजे लोकच त्याचा द्वेष करतील, अशी पुढची पायरी आहे. वध त्यानंतर येतो.

या मर्यादा सोयीच्या आहेत, न्यायाच्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दूष्य कोण हे राजाच ठरवतो. ज्या ग्रंथात दिवाणी व्यवहारांसाठी साक्षीपुराव्याचे काटेकोर नियम आहेत, त्याच ग्रंथात माणसाच्या जिवाचा निर्णय बंद दाराआड होतो. प्राचीन ग्रंथाला आजचे मापदंड लावू नयेत असे सांगितले जाते, पण याच ग्रंथाच्या कर्त्याला निर्मळ पाण्याची काळजी होती. तेव्हा हा प्रश्न त्याच्याच तर्काने त्याला विचारता येतो.

शिवाजी महाराजांच्या हेरखात्याशी याचा संबंध आहे का?

हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. सभासदाच्या बखरीत बहिर्जी येतो आणि १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेआधी तेथील माहिती काढल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. जासूद आणि नजरबाज हे शब्दही आपल्या कागदपत्रांत येतात. पण ही माणसे मुलूख, वाटा आणि शत्रूची फौज जाणणारी होती. तापसाचे मठ आणि अठरा तीर्थांवरील पाळत यांच्याशी त्यांची सांगड घालणे ओढूनताणून होईल. डोंगरी मुलखातील चपळ लष्करी कारभारातून हे खाते घडले आणि त्याचे श्रेय त्या माणसांनाच द्यावे.

मूळ ग्रंथ कोठून वाचायला सुरुवात करावी?

पहिल्या अधिकरणातील दहा ते चौदा हे अध्याय आधी वाचावेत. ते थोडेसेच आहेत आणि गूढपुरुषांचा गाभा त्यांतच आहे. त्यानंतर पंधरावा मसलतीचा, सोळावा दूतांचा आणि विसावा अंतःपुराचा अध्याय घ्यावा. सामान्य प्रजेवरील पाळत पाहायची असेल तर दुसऱ्या अधिकरणाचे शेवटचे दोन अध्याय आणि चौथ्या अधिकरणातील चौथा व पाचवा अध्याय, तर वेतनासाठी पाचव्याचा तिसरा. बारावे आणि तेरावे अधिकरण शेवटी ठेवावे, कारण तेथील मूर्तींच्या आतून बोलणारे हेर आणि भुयारे इतकी लक्ष वेधून घेतात की त्यांनीच सुरुवात केल्यास त्रयांचे एकवाक्य आणि संस्थांचे परस्परांपासून वेगळे राहणे यांच्याकडे वाचक वळतच नाही. संस्कृत येत असेल तर कंगले यांची संहिता समोर ठेवावी आणि येत नसेल तर त्यांच्या भाषांतराखालील टीपा वगळू नयेत.